आधी हात हुंगू दे

"आधी हात हुंगू दे त्याला. डोक्यावर नको, छातीपाशी खाजव."

बडोद्याच्या दांडिया बाजारात एक काका पाच-सहा वर्षांच्या मुलीला आपल्या लॅब्राडॉरशी ओळख करून घ्यायला शिकवत होते. शिकवणी अगदी पक्की. समोरून नाही, जरा तिरकं उभं राहायचं. हात खालीच. तीन सेकंद खाजवून हात मागे. कुत्र्याने नाक लावलं की पुन्हा. दुसऱ्यांदा त्याने तोंड फिरवून ओठ चाटले. काका लगेच म्हणाले, "बस, आता त्याला नकोय."

बरोबरच आहे. वरून येणारा हात अनोळखी कुत्र्याला अंगावर आल्यासारखा वाटतो. ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, या सगळ्या अस्वस्थतेच्या खुणा. शेपटीवर तर अजिबात जाऊ नका: ताठ, उंच धरून भराभर हलणारी शेपूट म्हणजे लाड नव्हेत. आणि मिठी आपल्याला आवडते, बहुतेक कुत्री ती फक्त सहन करतात.

मग त्याच काकांनी त्या मुलीचा गाल ओढला. तिने तोंड फिरवलं. आई हसून म्हणाली, "अगं लाजतेस काय, पापा दे आजोबांना!"

तोंड फिरवणं तेच. कुत्र्याचं कळलं, पोरीचा झाला लाजाळूपणा.

"टाळी, मिठी की नुसता नमस्कार?" एवढं विचारून उत्तराला दोन क्षण थांबलं तरी पुरतं. मोठी माणसं रुसतात थोडी, रुसू देत.

तुमच्याकडे मूल "नको" म्हणालं तर पाहुणे काय करतात?