मास्तरांची ८० जीबीची डिस्क

मागच्या जुलैतली गोष्ट. बेळगावात शहापूरला आमचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे, शेजारी फॉल-पिकोवाल्या अक्का, पावसात दोघांकडेही गिऱ्हाईक कमी. अशातच एक रिटायर्ड मास्तर खानापूर तालुक्यातनं, पार जांबोटीच्या पुढनं बस धरून आले. हातात स्टीलचा डबा, डब्यात टॉवेल, टॉवेलात प्लॅस्टिक आणि त्यात हार्ड डिस्क. सोबत एक नवा कोरा एन्क्लोजर, म्हणजे डिस्क घालून यूएसबीला लावायचा बॉक्स, पुतण्यानं ऑनलाइन मागवून दिलेला.

"ह्यात ती बसंना झाली ओ, काय तरी करा की" म्हणाले.

बसणार कशी? बॉक्स अडीच इंची साटा डिस्कचा, म्हणजे लॅपटॉपवाला (साटा ही डिस्क जोडायची नवी पद्धत). मास्तरांची डिस्क साडेतीन इंची, डेस्कटॉपची, आणि त्यातही आयडीई, म्हणजे साटाच्या आधीची जोडायची जुनी पद्धत. मागं ४० पिनांची दोन ओळीतली रुंद जागा आणि बाजूला जाड चार पिनांचा पॉवरचा सॉकेट, हे दिसलं की समजायचं. साटाला दोन चपट्या पट्ट्या असतात, एक डेटाची आणि एक जरा लांब पॉवरची. साटा २००३ च्या सुमारास बाजारात आलं पण मास्तरांचा कॉम्प्युटर २००४ चा, तेव्हा आपल्याकडं आयडीईच सर्रास यायच्या. पुतण्याला मी दोष देत नाही, वेबसाइटवर "हार्ड डिस्क बॉक्स" एवढंच बघितलं की सगळे सारखेच दिसतात, आणि ३.५ इंच लिहिलेले बहुतेक बॉक्ससुद्धा फक्त साटाचेच असतात. बॉक्स घ्यायच्या आधी डिस्क उलटी करून मागची बाजू बघा, फोटो काढून दुकानदाराला पाठवा, एवढं जरी केलं तरी पैसे वाचतात.

दुसरी गोष्ट पॉवरची, आणि माझ्या मते हीच मोठी. अडीच इंची डिस्क यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालते, साडेतीन इंचीला १२ व्होल्टपण लागतात आणि ते यूएसबीतनं येत नाहीत, म्हणून तिच्या बॉक्सला वेगळा अडॅप्टर असतोच. नसला तर तो बॉक्स घेऊच नका.

डिस्क लगेच लावली नाही. एवढ्या पावसातनं आलेली, दमट हवा, दोन तास टेबलावर उघडी ठेवली. तोवर मास्तरांनी सांगितलं आत काय आहे ते. त्यांच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या. आई जाण्याआधी दोन उन्हाळे तिच्याजवळ बसून वहीत उतरून घेतल्या, मग स्वतः टाइप करायला शिकून पेजमेकर ह्या पुस्तकाची पानं लावायच्या प्रोग्रॅममध्ये लावल्या, पुस्तक काढायचं होतं पण पैशाचं जमलं नाही. वही नंतर वाळवीनं खाल्ली. म्हणजे जगात एकच कॉपी, ह्या डिस्कवर. हे ऐकल्यावर माझाच हात जड झाला.

माझ्याकडं आयडीई-साटा दोन्ही चालणारी यूएसबी केबल होती. आधी जंपर बघितला, पिनांवरची ती तांदळाएवढी टोपी, ती स्लेव्हवर होती, म्हणजे एका केबलवरची दुसरी डिस्क असल्यासारखी. चिमट्यानं काढून मास्टरवर, म्हणजे पहिल्या डिस्कच्या जागी लावली, नाहीतर बरेच अडॅप्टर डिस्क ओळखतच नाहीत. पॉवर दिली. डिस्क फिरायला लागली, वेग घेता घेता टक्, टक्, आणि बंद. मास्तर खुर्चीतनं उठलेच. मी लगेच पॉवर काढली.

तो आवाज ऐकून डिस्क गेली म्हणून परत देणारे खूप आहेत, आणि बऱ्याचदा ती खरोखर गेलेलीपण असते. पण हिचा वेगच पूर्ण होत नव्हता, तो आवाज वेगळा लागतो कानाला. चालू होताना अशी डिस्क १२ व्होल्टवर दोन अँपिअरपर्यंत ओढते, फिरायला लागल्यावर त्याच्या निम्मंसुद्धा लागत नाही, आणि माझा अडॅप्टर जुना, दीड अँपिअरचा. मग भंगारातल्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस, म्हणजे आतला पॉवर सप्लायचा डबा आणला, हिरवी वायर काळीला जोडली की तो मदरबोर्डशिवाय चालू होतो. चार पिनांचा कनेक्टर लावताना दोन कोपरे कापलेले असतात तिकडं नीट बघून लावला, उलटा दाबून बसवला तर १२ व्होल्ट ५ च्या जागी जातात आणि डिस्क तिथंच संपते.

ह्यावेळी एकसारखी घरघर आली. स्क्रीनवर ८० जीबी दिसली. मास्तरांनी हात जोडले, मला नाही, डिस्कला.

एकही फाइल न उघडता आधी अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी कॉपी घेतली, तासभर गेला आणि त्या तासात लाइट जाऊ नये म्हणून मी मनात किती वेळा गणपतीचं नाव घेतलं मलाच माहीत. मग जुन्या विंडोज एक्सपीच्या मशीनवर पेजमेकरची फाइल उघडली तर सगळी गिचमिड अक्षरं. फाँट युनिकोडचा नव्हता, म्हणजे तोच फाँट मशीनवर नसला तर मराठी दिसत नाही. पण डिस्कवर विंडोजचं फाँटचं फोल्डर शाबूत होतं, त्यातनं तो फाँट घेऊन ह्या मशीनवर टाकला आणि फाइल परत उघडली, तर पहिल्याच पानावर आईचं नाव, खाली ओव्या.

पीडीएफ करून दोन पेनड्राइव्हवर दिली, एक त्यांच्याकडं, एक पुतण्याकडं. मास्तर विचारत होते आता ह्या डिस्कला कुठला बॉक्स घेऊ. मी म्हटलं, मास्तर, घेऊ नका. वीस वर्षांची डिस्क आहे, रोज वापरायची नाही, आता तिला नुसतं जपून ठेवा. तो नवा बॉक्स पुतण्याच्या लॅपटॉपमधनं निघालेल्या डिस्कला बरोबर बसेल.

बस यायला वेळ होता म्हणून ते स्क्रीनवरनंच एक ओवी म्हणायला लागले, चालीवर. अक्का चहा घेऊन दारात आल्या होत्या, मास्तर शेवटच्या ओळीला थांबले तर त्यांनी पुढं अजून एक ओळ म्हटली, जी फाइलमध्ये नव्हती. मास्तरांनी वळून बघितलं, माझ्या टेबलावरचं बिलबुक ओढलं आणि म्हणाले, "अक्का, सावकाश सांगा बघू परत."