शिआनचा पहिला दिवस, मातीच्या सैनिकांशिवाय

चीनमधल्या शिआनला जातेय म्हटल्यावर प्रत्येकाने एकच विचारलं, ते चीनच्या पहिल्या सम्राटाच्या थडग्याजवळ पुरलेले मातीचे सैनिक बघणार ना? बघणारच की! पण ते शहरापासून चाळीसेक किलोमीटर लांब आहेत, जाऊन येण्यात अख्खा दिवस जातो, आणि पहिल्याच दिवशी तिकडे पळालं की शिआन म्हणजे नुसता बस पकडायचा थांबा होऊन बसतो. म्हणून पहिला दिवस फक्त शहराचा, हे घरूनच पक्कं केलेलं. एकटीने फिरताना हे बरं असतं, कुणाला पटवत बसावं लागत नाही.

बीजिंगहून बुलेट ट्रेनने शिआन उत्तर स्टेशनला उतरले, तिथूनच मेट्रोची २ नंबरची लाइन मिळते आणि ती सरळ शहराच्या मधोमध, घंटाघराखाली आणून सोडते. अलीपे (चीनमधलं पैसे द्यायचं अ‍ॅप) आणि ईसिम भारतातूनच सेट करून या, बाकी काही फार लागत नाही. (मेट्रोत दरवेळी बॅग स्कॅन होते, पाण्याची बाटलीसुद्धा काढून दाखवावी लागते, त्याची पाच मिनिटं धरून चाला.)

घंटाघर १३८४ सालचं, चार मोठे रस्ते जिथे भेटतात तिथे मधोमध उभं, गाड्या भोवतीने फिरतात आणि माणसं जमिनीखालच्या गोल बोगद्यातून. पण ते मुळात इथे नव्हतंच! १५८२ मध्ये अख्खी इमारत उचलून इथे आणली, कारण शहर वाढत गेलं तसा त्याचा मध्य पूर्वेला सरकला होता. तिथून चालत पाच मिनिटांवर नगारखाना, आणि नगारखान्याच्या कमानीतून पलीकडे गेलं की हुई, म्हणजे चिनी मुसलमानांची वस्ती सुरू होते.

या वस्तीतल्या मुख्य रस्त्यावर प्रचंड गर्दी असते, डाळिंबाचा रस, सळईवरचं मटण, पर्सिमन नावाच्या फळाचे तळलेले गोड वडे, सगळीकडे धूर आणि जिऱ्याचा वास. ते सगळं छान आहे पण मला ओढ होती ती बाजूच्या गल्लीतल्या मशिदीची. दोन्ही बाजूंनी दुकानांनी कोंडलेली अरुंद गल्ली, आणि मग एकदम शांत अंगण, मग दुसरं, मग तिसरं. घुमट नाही, उंच मिनार नाही, वळलेल्या कौलांची छपरं, लाकडी कमानी, आणि मिनाराच्या जागी अष्टकोनी मनोरा. आत्ताच्या इमारती साधारण मिंग काळातल्या, चौदाव्या शतकाच्या शेवटापासूनच्या, पण इथे मुसलमान व्यापारी आणि त्यांचा धर्म तांग काळापासून, म्हणजे सातव्या ते दहाव्या शतकापासून आहे. एक गोष्ट नीट बघा: चिनी मंदिरं आणि राजवाडे शक्यतो दक्षिणेकडे तोंड करून असतात, ही मशीद मात्र पूर्वेकडून पश्चिमेकडे आत आत जाते, कारण इथून मक्का पश्चिमेला. छप्पर पूर्ण चिनी आणि दिशा मक्केची, मला हे फार आवडलं, किती वेळ त्या अंगणात बसून होते. नमाजाच्या दालनात आपल्याला जाता येत नाही, ते योग्यच आहे.

जेवायला यांगरौ पाओमो. जाड पांढऱ्या भाकऱ्या आणि रिकामा वाडगा समोर ठेवतात आणि भाकरी आपणच कुस्करायची, आपला चपातीचा कुस्करा असतो ना तसंच, फक्त अजून बारीक. मी मोठे मोठे तुकडे टाकत होते तर समोर बसलेल्या आजींनी न विचारता माझ्या वाडग्यातला एक तुकडा उचलला, त्याचे चार केले आणि मान हलवली, म्हणजे एवढे हवेत! सोयाबीनच्या दाण्याएवढे तुकडे झाले की वाडगा आत नेतात, मटणाचा रस्सा आणि शेवया घालून शिजवून परत आणतात, सोबत मुरवलेला गोडसर लसूण आणि तिखटाची चटणी. बारीक तुकड्यात रस्सा आतपर्यंत मुरतो, आजींचं बरोबर होतं.

दुपारी जुन्या शहराभोवतीचा तट. दक्षिण दरवाजाने वर चढून सायकल भाड्याने घेतली. पूर्ण फेरी पावणेचौदा किलोमीटरची, वरून रस्त्याएवढा रुंद, दर १२० मीटरला एक बुरूज बाहेर आलेला, म्हणजे दोन बुरुजांच्या मधे कुठेही शत्रू आला तरी बाणाच्या टप्प्यात. विटांवरून सायकल चांगलीच हादरते. मी पूर्वेच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत फिरले, कारण एक पॅगोडा, म्हणजे बौद्ध मनोरा, संध्याकाळी बंद व्हायच्या आत गाठायचा होता.

तो म्हणजे मोठा रानहंस पॅगोडा, तटाच्या बाहेर चार किलोमीटरवर. शहराबाहेर कशाला बांधला असं वाटेल, पण तट मिंगांचा, आणि त्याआधीचं तांगांचं चांगआन याच्या कितीतरी पट मोठं, ८४ चौरस किलोमीटरचं. तेव्हा ही जागा शहराच्या आतच होती.

आणि हा पॅगोडा युआन श्वांगचा. शाळेत वाचलेला तोच, भारतात आलेला चिनी बौद्ध भिक्षू. भारताकडे निघाला तेव्हा सरहद्द ओलांडायची परवानगी नव्हती, लपून निघाला, आणि ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन परतला तेव्हा त्याला बघायला हे शहर रस्त्यावर आलं होतं. ते ग्रंथ आणि मूर्ती सुरक्षित राहाव्यात म्हणून ६५२ मध्ये हा पॅगोडा उभा राहिला. आता सात मजले, किंचित कललेला, वर चढायचं तिकीट वेगळं, पण नक्की काढा. जिना अरुंद आहे, आणि प्रत्येक मजल्यावर चारही दिशांना खिडक्या.

मी दक्षिणेच्या खिडकीत उभी राहिले आणि मला सारखं आठवत होतं की हा माणूस आपल्याकडे आला होता, चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात. परत येऊन ६४६ मध्ये याच शहरात त्याने सगळा प्रवास सांगून लिहून घेतला आणि त्यात महाराष्ट्रातली माणसंही आहेत: उपकार विसरत नाहीत, अपमान सहन करत नाहीत, कुणी अडचणीत मदत मागितली तर स्वतःचं भान न ठेवता धावतात, आणि सूड घ्यायचा तरी शत्रूला आधी कळवून! हर्षासारख्या राजालाही यांना जिंकता आलं नाही, हेही आहे. आणि दरीतल्या एका विहाराचं वर्णन आहे, दारापाशी दगडी हत्ती, अभ्यासक म्हणतात ते अजिंठाच. आपल्या मातीचं एवढं जुनं, इतकं जिवंत वर्णन हजारो किलोमीटरवरच्या या शहरात लिहिलं गेलं, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि तिथे उभं राहणं वेगळं, मला खरंच भरून आलं.

खाली चौकात तांग काळचे झगे घातलेल्या पोरी फोटो काढत होत्या. मी त्यांच्यातून वाट काढत युआन श्वांगच्या पुतळ्यापाशी गेले, पाया पडले. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात पुलकेशीच्या धड्याशेजारी या पॅगोडाचा एक मोठा, रंगीत फोटो छापायला हवा, मुलांना कळू दे युआन श्वांग इथून परतून कुठे गेला ते.