हरेगावची पायी यात्रा, फोड आणि सिस्टर

सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीला, म्हणजे मारियामातेला, किती पब्लिक चालत जातं हे आपल्याकडं सांगायला नको, नगर, नाशिक, जालना, सगळीकडून. आम्ही नगरहून निघालो. राहुरीपर्यंतचं धड आठवत नाही, अंगावर येणारे ट्रक, दमट ऊन, मागं टेम्पो, टेम्पोवर कर्णा आणि कर्ण्यावर तेच तेच गाणं. मामी टाळ घेऊन रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन धरायच्या तेव्हा बरं वाटायचं. टिळक अमेरिकन मराठी मिशनचे, आम्ही कॅथलिक, पण चालताना कोण विचारतंय.

देवळाली प्रवराच्या पुढं माझी टाच गेली. शुक्रवार, म्हणजे जपमाळेत दुःखाची रहस्यं (येशूच्या छळाचे प्रसंग), आणि नेमकं काट्यांच्या मुकुटाच्या रहस्याला फोड फुटला. त्यात एक पोरगं पुढं पळत जाऊन मागं वळून रील काढत होतं, त्याला मी जे बोलले ते जपमाळेत बसत नाही. आदल्या रात्री मामींनी सुईनं फोडातून दोरा ओवून ठेवला होता, सगळे तेच करतात, आता तिथं पू धरलेला. मी मागं पडले, मग अजून मागं, मग कर्णाही ऐकू येईना (तेवढंच सुख).

रस्त्याकडेला एक छोटा दवाखाना होता, दारात बाकावर म्हातारी सिस्टर (मठातली, धर्मभगिनी), शेजारी बादली. तिनं मला हाक मारली नाही, नुसतं पायाकडं बघून बोटानं बस म्हणाली. "हा दोरा कुणी घातला गं पोरी? काढ आधी." मूळची केरळची, पण मराठी अस्सल राहुरीचं, फक्त ळ जरा जास्त गोल. पाय टबात घेतला आणि धुवायला लागली. मी म्हटलं सिस्टर राहू द्या मी धुते, तर म्हणे "तुला टाच दिसते का?" शेण, डांबर, रक्त, सगळं निघत होतं. ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी, येशूनं शिष्यांचे धुतले तसे, फादर बारा जणांचे पाय धुतात, पण ते बारा जण घरून साबण लावून आलेले असतात हो. इथं वास येत होता आणि तिनं नाक मुरडलं नाही, प्रेमळही हसली नाही, आमच्याकडं भांडी घासतात तसं मन लावून धुतलं. बीटाडीन लागलं तेव्हा मी ओरडले. "ओरड," म्हणाली.

पट्टी करता करता बोलत होती. तरुणपणी आली तेव्हा वाटलेलं येशूबद्दल सांगायचं, पहिली दोन वर्षं नुसती खरूज. गंधकाचं मलम लावा, कपडे उकळा, घरातल्या सगळ्यांनी एकदम लावा, हेच घरोघर. रात्रीची बाळंतपणं. एकदा जीप चिखलात रुतली आणि बाई गेली, पोर जगलं. ते पोर आता टेम्पो चालवतंय. "तुमचा कर्णेवाला तोच नाही ना?" असं म्हणून स्वतःच हसली, मला मात्र हसता येईना.

फादर हर्मन बाखरांचा विषय मीच काढला. स्वित्झर्लंडचे, जेझुइट संघाचे फादर, पाणलोटाचं काम, १९९३ साली वॉटर (WOTR) ही संस्था उभी केली, आपल्याकडं त्यांचं नाव अभिमानानं घेतात. ती म्हणाली नाव घेणाऱ्यांनी त्या मीटिंगा बघायला पाहिजे होत्या, श्रमदानाला कोण येणार, चराईबंदी म्हटलं की ज्याच्या शेळ्या त्यानं खायचं काय, रात्री बारापर्यंत भांडणं आणि चहा. पाणी अडलेलं सगळ्यांना दिसतं.

तेवढ्यात ते रीलवालं पोरगं मला शोधत परत आलं (चांगलं होतं बिचारं), आणि बसल्या बसल्या सिस्टरला जातीच्या दाखल्याचं विचारायला लागलं. १९५० च्या आदेशापासून ख्रिस्ती झालेल्याला एससीची सवलत नाही, वस्तीवर मात्र जात तीच राहते, चर्चमध्येसुद्धा लग्न जमवताना राहतेच. सिस्टर गप्प. "प्रार्थना करू" असं तिनं म्हटलं नाही हे मला फार आवडलं. म्हणाली कागद घेऊन सोमवारी ये, बघू काय काय आहे.

मग आत गेली आणि मला लॅपटॉप दाखवला, एफसीआरएचे, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याचे, फॉर्म. २०२० च्या बदलानंतर परदेशी देणगी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत घ्यावी लागते, दर वर्षी हिशेब ऑनलाइन. डोळ्याचं ऑपरेशन झालेली बाई रात्री आकडे भरत बसते. जरा कुरकुरली, देवावरसुद्धा, की या वयात हे काय लावलंस माझ्यामागं. तिथं मला काय झालं ते नीट सांगता येणार नाही, भजनात कधी झालं नव्हतं एवढंच सांगते. घसा दाटला. लगेच ती म्हणाली स्टूल सरक, पुढचा आलाय.

निघताना विचारलं, मतमाउलीला तुमच्यासाठी काय मागू? "वेळेवर येणारा ऑडिटर."

बेलापूर, प्रवरेचा पूल, श्रीरामपूर, सगळं लंगडत गेलं. हरेगावला चिखल, धक्काबुक्की, एका बाईशी माझं रांगेवरून चांगलंच वाजलं, मामींची चप्पल गेली. मूर्तीसमोर उणापुरा क्षणभर मिळाला आणि त्यात मी ऑडिटर मागितला. माझा स्वतःचा नवस बाहेर आल्यावर आठवला, पण स्वयंसेवक परत आत सोडीना.