तुम्ही विचारलंत म्हणून : पिंपाच्या बुचातली पत्रं

पहिल्या एलिझाबेथ राणीविरुद्ध इतके कट झाले, पोप विरोधात, स्पेन विरोधात, उत्तरेतले सरदार विरोधात. तरी एकही कट तडीला कसा गेला नाही? हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा उत्तरही तयार असतं : राणीचं नशीब जोरावर होतं, नाहीतर वॉल्सिंगहॅमचे, म्हणजे तिच्या मंत्री आणि हेरप्रमुखाचे, हेर फार हुशार होते. हेर हुशार होते हे खरंच आहे. पण माझं उत्तर एका शब्दाचं आहे : टपाल.

आधी मांडणी लक्षात घ्या. एलिझाबेथ १७ नोव्हेंबर १५५८ ला गादीवर आली आणि पुढच्याच वर्षी कायद्याने इंग्लंडचं चर्च पुन्हा रोमपासून तोडलं गेलं. तिला मूलबाळ नव्हतं. रक्ताच्या नात्याने तिच्यानंतरचा सर्वांत बळकट दावा मेरी स्टुअर्टचा, म्हणजे स्कॉटलंडच्या कॅथलिक राणीचा. ही मेरी आपल्याच सरदारांकडून हरून मे १५६८ मध्ये आसऱ्याला इंग्लंडमध्ये आली आणि जवळपास १९ वर्षं कैदेत राहिली. त्यानंतरच्या बहुतेक मोठ्या कटांचा आराखडा एकच होता. मेरीला सोडवायचं, एलिझाबेथला दूर करायचं, बाहेरून फौज उतरवायची आणि त्याच दिवशी आतल्या कॅथलिक सरदारांनी उठायचं. म्हणजे कैदी राणी इंग्लंडच्या मध्यभागी, सरदार आपापल्या गढीत, फौज स्पेनच्या ताब्यातल्या फ्लँडर्समध्ये (आजच्या बेल्जियमच्या भागात) किंवा फ्रान्समध्ये आणि आशीर्वाद रोममध्ये. या चौघांनी एका वेळी हलायचं तर त्यांना जोडणारी एकच गोष्ट होती : कागद. आणि तो कागद कोणाच्या तरी खिशातून, बंदरावरच्या झडतीतून, आठवडेच्या आठवडे प्रवास करत जायचा.

उत्तरेतला उठाव बघा. नोव्हेंबर १५६९ मध्ये नॉर्थम्बरलंड आणि वेस्टमोरलंडचे अर्ल उठले. १४ तारखेला ते डरहॅमच्या कॅथीड्रलमध्ये घुसले, इंग्रजी बायबल आणि प्रार्थनेची पुस्तकं फाडली आणि तिथे लॅटिन मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, झाली. मेरी तेव्हा टटबरीच्या किल्ल्यात होती. तिला घाईघाईने दक्षिणेला कॉव्हेंट्रीला हलवलं. अर्ल यॉर्कशरमधल्या ब्रॅमहॅम मूरपर्यंत आले आणि तिथून मागे फिरले. डिसेंबरअखेर दोघंही स्कॉटलंडात पळाले होते. राणीला पदच्युत करणारं पोप पाचव्या पायसचं फर्मान कधी निघालं? २५ फेब्रुवारी १५७० ला! ज्या उठावाला त्याचा उपयोग व्हायचा, तो मोडून दोन महिने झाले होते. एलिझाबेथने शेकडो सामान्य माणसांना फासावर चढवायचे हुकूम आधीच दिले होते.

या फर्मानाने राणीचं काही बिघडलं नाही, बिघडलं ते साध्या कॅथलिक माणसाचं. आता राणीशी इमान राखलं तर पोपचा शाप आणि पोपचं ऐकलं तर राजद्रोह. रविवारी चर्चला न गेल्याचा दंड १५५९ मध्ये १२ पेन्स होता, तो १५८१ मध्ये महिन्याला २० पौंड झाला. एवढा दंड मोठ्या जमीनदाराचंही कंबरडं मोडणारा होता. अनेक तरुण देश सोडून गेले. त्यातला एक आपल्याला फार जवळचा आहे : फादर थॉमस स्टीफन्स. त्यांच्याबरोबर रोमला निघालेला मित्र थॉमस पाउंड इंग्लंडमध्येच पकडला गेला आणि त्याने तुरुंगात सुमारे ३० वर्षं काढली. स्टीफन्स रोममध्ये जेझुइट या कॅथलिक संघाचे सदस्य झाले, ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यात उतरले आणि साष्टीत राहून त्यांनी मराठीत ख्रिस्तपुराण रचलं, जे १६१६ मध्ये छापलं गेलं. इंग्लंडमधली ही कोंडी समजून घेतल्याशिवाय एक इंग्रज माणूस ओवी लिहायला साष्टीतल्या रायतूरपर्यंत का आला, हे पुरतं कळत नाही.

पुढचा कट रिडॉल्फीचा, १५७१ चा. रिडॉल्फी फ्लॉरेन्सचा सावकार. देशोदेशी पैसे फिरवणारा, म्हणून निरोप फिरवायला सोयीचा. बेत असा की नॉर्फोकच्या ड्यूकने मेरीशी लग्न करायचं आणि फ्लँडर्समधून आल्बाच्या ड्यूकची स्पॅनिश फौज इंग्लंडला उतरवायची. आल्बाने रिडॉल्फीला भेटताच ओळखलं की हा माणूस बडबड्या आहे. एप्रिलमध्ये डोव्हर बंदरावर एक पत्रवाहक सापडला. पण नॉर्फोकचा घात झाला तो एका थैलीमुळे. त्याच्या चिटणिसांनी श्रूजबरीच्या एका कापडवाल्याकडे उत्तरेला पोचवायला थैली दिली आणि सांगितलं, आत ५० पौंडांची चांदी आहे. कापडवाल्याचा हात रोज नाणी मोजणारा. वजनावरून त्याला शंका आली. त्याने थैली उघडली तर आत ६०० पौंडांचं सोनं आणि सांकेतिक अक्षरांतले कागद! त्याने ते थेट सरकारात नेऊन दिलं. नंतरच्या झडतीत सांकेतिक लिपीची किल्ली ड्यूकच्या घराच्या कौलांखाली मिळाली. २ जून १५७२ ला नॉर्फोकचं डोकं उडवलं गेलं.

१५८३ च्या थ्रॉकमॉर्टन कटात पत्रांचा रस्ता लंडनच्या फ्रेंच वकिलातीतून जात होता. वॉल्सिंगहॅमने त्या वकिलातीतच फितुरी करवली. २०२३ मध्ये तीन संशोधकांनी पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातली मेरीची ५७ सांकेतिक पत्रं उलगडली. बहुतेक पत्रं फ्रेंच वकिलाला, १५७८ ते १५८४ या काळात लिहिलेली. त्यांची लिपी चांगलीच मजबूत होती. एकेका अक्षराला अनेक चिन्हं असल्यामुळे ती फोडायला त्यांना संगणक वापरावा लागला. तरीही त्यातल्या काही पत्रांच्या साध्या भाषेतल्या प्रती इंग्लंडच्या दप्तरात चारशे वर्षं पडून होत्या. लिपी कितीही पक्की असो, उलगडलेला कागद ज्या टेबलावर पडतो तिथे घरभेदी बसला असेल तर काय उपयोग?

हे बिंग फुटल्यावर कटात सामील असलेला स्पेनचा वकील मेंडोझा याला जानेवारी १५८४ मध्ये देशाबाहेर काढलं. त्याच जुलैमध्ये डेल्फ्टला ऑरेंजच्या विल्यमला, म्हणजे स्पेनविरुद्ध उठलेल्या डचांच्या प्रोटेस्टंट पुढाऱ्याला, एका कॅथलिक मारेकऱ्याने पिस्तुलाने ठार केलं, तेव्हा राणीच्या दरबारात खरी धडकी भरली. १५८५ पासून मेरीवर एमियास पॉलेट हा कडवा पहारेकरी नेमला गेला. त्याने तिचं गुप्त टपाल पूर्ण बंद पाडलं. तिच्या नावाची पत्रं फ्रेंच वकिलातीत साठत राहिली. पुढच्या सापळ्याचं यश या कोंडीत आहे. महिनोन् महिने एक ओळ न मिळालेल्या माणसाला रस्ता मिळाला, तर तो रस्ता कोणी बांधला हे तो विचारत नाही.

डिसेंबर १५८५ मध्ये मेरीला स्टॅफर्डशरमधल्या चार्टलीच्या वाड्यात आणलं. त्याच महिन्यात राय बंदरावर गिल्बर्ट गिफर्ड नावाचा कॅथलिक तरुण पकडला गेला आणि वॉल्सिंगहॅमसाठी काम करू लागला. चार्टलीला बिअर बाहेरून यायची, बर्टनच्या एका दारू गाळणाऱ्याकडून, आठवड्याला. साखळी अशी लावली : गिफर्ड वकिलातीतून पुडकं घेणार. वॉल्सिंगहॅमचा लिपी फोडणारा टॉमस फेलिप्स ते उलगडून नक्कल करणार. आर्थर ग्रेगरी लाखोटा पूर्वीसारखा बंद करणार, मोहर मोडल्याची खूणही न राहता. मग पुडकं बर्टनच्या माणसाकडे. तो ते पाणी न शिरणाऱ्या डबीत घालून पिंपाच्या बुचात बसवणार. भरलेलं पिंप आत जाताना पत्र आत, रिकामं पिंप बाहेर येताना उत्तर बाहेर. या माणसाचं टोपणनाव ‘प्रामाणिक माणूस’ होतं. तो मेरीकडूनही पैसे घेत होता, पॉलेटकडूनही, आणि वर बिअरचा भाव वाढवून मागत होता. पॉलेटने आपल्या पत्रांत तशी तक्रारच केली आहे.

आता लिपी. मेरी आणि या वेळच्या कटाचा म्होरक्या बॅबिंग्टन यांच्यातली लिपी त्या पॅरिसच्या पत्रांपेक्षा बरीच कच्ची होती. २३ अक्षरांना २३ चिन्हं, वारंवार येणाऱ्या शब्दांसाठी आणखी पस्तीसेक चिन्हं, फसवण्यासाठी चार निरर्थक चिन्हं, आणि ‘पुढचं अक्षर दोनदा’ सांगणारं एक. दोष इथेच आहे. आपल्या मजकुरात काना जसा पानभर पसरलेला दिसतो, तसं इंग्रजीत ‘ई’ हे अक्षर शंभरात बारा-तेरा वेळा येतं. एका अक्षराला एकच चिन्ह असेल तर लांब पत्रात नुसती मोजणी केली तरी ‘ई’ वर येतो. तो सापडला की त्याच्या शेजारची अक्षरं लागतात. चार निरर्थक चिन्हांनी ही मोजणी बिघडत नाही. उरलेले शब्द संदर्भावरून भरता येतात. आणि मेरीची पत्रं लांब असायची.

अँथनी बॅबिंग्टन डर्बीशरचा श्रीमंत तरुण, वय २४. जॉन बॅलर्ड हा धर्मगुरू सैनिकाच्या वेशात हिंडत होता, त्याने बॅबिंग्टनला कटात ओढलं. ६ जुलै १५८६ च्या पत्रात बॅबिंग्टनने मेरीला सगळं लिहून टाकलं : सहा उमरावजादे राणीला संपवतील, तो स्वतः दहा सरदार आणि शंभर माणसं घेऊन मेरीला सोडवेल. मेरीची उत्तर द्यायची पद्धत ठरलेली होती. ती फ्रेंचमध्ये सांगायची, चिटणीस क्लोद नो कच्चा खर्डा करायचा, गिल्बर्ट कर्ल त्याचं इंग्रजी करून सांकेतिक लिपीत घालायचा. १७ जुलैचं उत्तर असंच तयार झालं. घोडे किती, माणसं कुठे, बाहेरची मदत कधी, आणि ते सहा जण काम कसं करणार, त्यानंतर मला लगेच कसं सोडवणार, हे सगळं त्यात होतं. फेलिप्स त्या वेळी चार्टलीतच होता. वॉल्सिंगहॅमला नक्कल पाठवताना त्याने वर फाशीचा खांब काढला.

मग त्याने मूळ पत्राला त्याच चिन्हांत ताजा कलम जोडला : त्या सहा जणांची नावं कळवा. बॅबिंग्टनला हे पत्र २९ जुलैला मिळालं. चिन्हं बरोबर होती, म्हणून पत्रही खरं मानलं गेलं. सांकेतिक लिपीबद्दलचा मोठा गैरसमज इथे उघडा पडतो. लिपीची किल्ली शत्रूच्या हाती पडली तर तो नुसता वाचत नाही, तुमच्या नावाने लिहूही शकतो. बॅबिंग्टनने नावं पाठवली नाहीत. पण ४ ऑगस्टला बॅलर्ड पकडला गेला, तसे बाकीचे पळाले. अक्रोडाच्या सालीच्या रसाने चेहरे काळवंडून ते सेंट जॉन्स वूडच्या रानात लपले आणि १४ तारखेला हॅरोजवळ सापडले. २० आणि २१ सप्टेंबरला सात-सात जणांना मारलं. पहिल्या दिवशीचे हाल इतके भयंकर होते की दुसऱ्या दिवशी फासावर जीव गेल्यावरच दोरी कापली, मग शरीर चिरलं.

इथे विचारलं जातं, मग मेरीला गोवलंच ना? माझं मत स्पष्ट आहे. रस्ता सरकारने बांधला, ताजा कलम सरकारने खोटा केला आणि मूळ पत्र न्यायालयात कधीच आलं नाही, नक्कल आली. फॉदरिंगहेच्या किल्ल्यात खटला चालला तेव्हा मेरीने आपल्या हाताचा कागद मागितला, तो मागणं रास्त होतं. पण खोटा ताजा कलमही खटल्यात वापरला नव्हता. त्याच्या आधीचा मजकूर तिचाच आहे, दोन्ही चिटणिसांनी तो मान्य केला. सापळा लावला होता आणि तिने संमतीही दिली होती. यातली एक गोष्ट खरी म्हणून दुसरी खोटी ठरत नाही.

फेब्रुवारी १५८७ मध्ये मेरीचा शिरच्छेद झाल्यावर उरली फक्त फौज. १५८८ मध्ये स्पेनने इंग्लंडवर पाठवलेल्या आरमारात सुमारे १३० जहाजं होती. आदल्या वर्षी इंग्रज कप्तान ड्रेकने पिंपांच्या फळ्यांचे ढीग जाळले होते, त्यामुळे पाणी आणि अन्न ओल्या लाकडाच्या पिंपांत भरावं लागलं. पाणी गळलं, अन्न कुजलं. पण खरी अडचण जुनीच : स्पेनचा सेनापती पार्माचा ड्यूक फ्लँडर्समध्ये सैन्य घेऊन थांबलेला, त्याच्याकडे खोल पाण्याचं बंदर नाही, किनाऱ्यावर डच होड्यांचा पहारा, आणि आरमार नेमकं कुठे आहे हे त्याला वेळेवर कळत नाही. (या काळाची पुस्तकं वाचताना तारखांचा घोळ होतो तो यामुळे : स्पेनने १५८२ मध्ये नवी दिनदर्शिका घेतली, इंग्लंड दहा दिवस मागे राहिलं. वर मी इंग्लंडच्या तारखा दिल्या आहेत.) इंग्लंडमधले कॅथलिक उठले नाहीत. ज्यांनी वर्षानुवर्षं दंड भरला, तेही नाही.

शेवटी कोणीतरी विचारतं, पत्र सुरक्षित ठेवायची काही युक्तीच नव्हती का? होती, आणि मेरीला ती येत होती. पत्राच्या कडेची बारीक पट्टी कापायची, पण एका टोकाला तशीच जोडलेली ठेवायची. कागदाच्या घड्या घालून सगळ्या थरांतून आरपार चीर पाडायची. पट्टीचं टोक त्यातून ओवायचं, कडेवरून फिरवून पुन्हा ओवायचं, टाके घालावे तसं. पट्टी तोडल्याशिवाय पत्र उघडत नाही, आणि तोडलेली पट्टी बदलता येत नाही, कारण ती त्याच कागदाची असते. ८ फेब्रुवारी १५८७ च्या पहाटे दोन वाजता, शिरच्छेदाच्या काही तास आधी, तिने फ्रान्सच्या राजाला, आपल्या दिराला, लिहिलेलं पत्र असंच बंद केलं आहे. त्यात एकही सांकेतिक चिन्ह नाही, साधी फ्रेंच आहे. पण तिच्या नोकरांना कैदेतच ठेवलं होतं. तिचं दफन व्हायला ऑगस्ट उजाडला, आणि ते पत्र इंग्लंडबाहेर पडलं ते त्यानंतरच.