बाळाचा रिपोर्ट की आईचा?

मी प्रयोगशाळेत एचआयव्ही आणि प्रतिकारशक्तीवर काम करते हे कळलं, की लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणीतरी हळू आवाजात विचारतं, "आई पॉझिटिव्ह, मग मूल निगेटिव्ह कसं?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

नेहमीची चाचणी विषाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली संरक्षक प्रथिनं, म्हणजे अँटिबॉडी, शोधते. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आई आपल्या अँटिबॉडी वारेतून बाळाला भरभरून देते. गोवराच्या देते तशा एचआयव्हीच्याही; निवडून देणं काही तिच्या हातात नसतं. त्यामुळे जन्मानंतर बाळाची ही चाचणी पॉझिटिव्ह येते, पण तो खरं तर आईचाच रिपोर्ट असतो. ही उसनवारी पुरती फिटायला दीड वर्षही लागतं. म्हणून सहाव्या आठवड्यात टाचेला टोचून कागदावर रक्ताचे थेंब वाळवतात आणि त्यांत थेट विषाणूचा डीएनए शोधतात.

काहीच उपचार नसले, तर १०० पैकी १५ ते ४५ बाळांना लागण होते. म्हणजे निम्म्याहून जास्त तशीही सुटतात. आईने गोळ्या नीट घेतल्या, तर हा आकडा ५च्या खाली येतो.

मग दूध पाजायचं का? इथे आजीबाई मध आणि घुटी घेऊन उभ्याच असतात. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवलं, की फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांपेक्षा अंगावरचं आणि वरचं असं दोन्ही घेणाऱ्यांत लागण जास्त. वरच्या अन्नपाण्याने आतड्याचं नाजूक अस्तर दुखावतं आणि विषाणूला वाट मिळते, असं मानतात. पुणे, इथिओपिया आणि युगांडातल्या अभ्यासात बाळांना सहा आठवडे रोज नेविरापिन हे एचआयव्हीविरोधी औषध दिलं, तेव्हा सहाव्या आठवड्याला लागण ५.३ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आली. सहा महिन्यांपर्यंत मात्र तो फरक बराच पुसट झाला, कारण औषध थांबलं तरी दूध चालूच होतं. आता आईलाच कायमचे उपचार देतात ते म्हणूनच.

बाबांबद्दल मला कुणी विचारत नाही. गरोदर बाईची तपासणी होतेच, त्यामुळे घरातला पहिला रिपोर्ट तिचा निघतो आणि "हिनेच आणलं" हे तिथेच ठरतं. अँटिबॉडीवर काही तारीख छापलेली नसते! नवऱ्याला तपासणीला पाठवा म्हटलं, की तो नेमका ड्युटीवर असतो.