एकच तुकडा, चार काळ: ड्रम कॉरच्या शैलींची सराव-नोंद

काम असं ठरलं आहे: 32 ठोक्यांचा एकच तुकडा घ्यायचा आणि अमेरिकेतल्या स्पर्धात्मक ड्रम अँड ब्युगल कॉरमध्ये (ड्रम आणि ब्रास, म्हणजे फुंकून वाजवायची पितळी वाद्यं, वाजवत मैदानावर रचना करणारी पथकं) तो 1972, 1983, 2002 आणि 2016 च्या सुमारास कसा वाजवला-चालवला गेला असता, ते मैदानावर करून पाहायचं. नुसते व्हिडिओ पाहिले की डोक्यात पोशाख आणि प्रॉप्सच राहतात. खरा बदल पावलांत, काडीच्या उंचीत आणि परीक्षकाच्या कागदावर झालेला आहे. ताफा चार स्नेअर, एक टेनर, दोन बास आणि सहा ब्रास एवढाच. पहिले दोन काळ बसले आहेत, तिसरा अर्धा झालाय, चौथ्याची आता कुठे सुरुवात आहे.

मैदान

अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर दर 5 यार्डांना, म्हणजे 4.57 मीटरवर, आडवी रेघ असते. कॉरचं सगळं गणित तिच्यावर चालतं. दोन रेघांमधलं अंतर 8 पावलांत तोडायचं तर पाऊल 57 सेंमीचं पडतं, 6 पावलांत तोडायचं तर 76 सेंमीचं. फक्कीने अकरा रेघा मारल्या की 45.7 मीटरची पट्टी मिळते आणि आपल्या कामाला ती पुरते. प्रत्येक रेघ पहिल्या रेघेपासून मोजा. आधीच्या रेघेपासून मोजत गेलात तर दर वेळची बोटभर चूक शेवटी हातभर होते. सुतळीवर माप घेऊ नका, ती ताणली की लांबते. आणि मधल्या पावलांच्या खुणा मुद्दाम करू नका. खूण दिसली की मान खाली जाते, आणि मान खाली गेली की रांग मोडते.

1972: एक चूक, एक दशांश

ड्रम कॉर इंटरनॅशनल या कॉरच्या संघटनेची पहिली अजिंक्यपद स्पर्धा विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला झाली आणि अ‍ॅनाहाइम किंग्जमेनने ती जिंकली. त्याआधी मोठ्या स्पर्धा अमेरिकन लीजन आणि व्हीएफडब्ल्यू या माजी सैनिकांच्या संघटना घेत. त्यामुळे लष्करी वळण पुढेही बरीच वर्षं राहिलं: मोठी पावलं, सरळ रांगा, 50 यार्डांच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना आरशासारखी सारखी रचना, निशाणाला मानवंदना. टिंपनी, म्हणजे सुरात लावलेले मोठे ड्रमसुद्धा, अंगावर घेऊन चालायचं.

गुणांची पद्धत वजाबाकीची. प्रत्येक चुकीला परीक्षक कागदावर एक टिक मारणार आणि 0.1 गुण जाणार. ही पद्धत सरावात जरूर लावून बघा. एकाने कागद-पेन्सिल घेऊन स्नेअरच्या रांगेसमोरून चालायचं आणि उघडा पडलेला फ्लॅम (मुख्य ठोक्याच्या किंचित आधी दुसऱ्या हाताची बारीक काडी), आधी पडलेली काडी, अशा प्रत्येक चुकीला टिक मारायची. थोड्याच वेळात वाजवणारे काड्या खाली आणतात, 12 इंचांचा ठोका 6 वर येतो आणि अवघड जागा गुळगुळीत केल्या जातात. त्या काळचं वादन इतकं आवळलेलं का, ते इथे कानाला कळतं. जोखीम घेऊन पदरात काहीच पडणार नव्हतं.

पट्ट्याने लटकवलेला ड्रम डाव्या पायाला टेकून उजवीकडे तिरका राहतो, त्यामुळे डावा तळहात वर असलेली पारंपरिक पकड आपसूक सोयीची पडते. ड्रम आडवा सपाट झाल्यावर तिची गरज संपली, तरी बहुतेक स्नेअरवाल्यांनी ती आजतागायत सोडलेली नाही. ताशा वाजवणाऱ्यांचं मनगट तर्रीमुळे तयार असतं, पण त्यांचे दोन्ही तळहात खाली. डाव्या हाताला अंगठ्याच्या बेचक्यातून काडी फिरवण्याचा वेगळा सराव द्यावाच लागतो. नाहीतर डावा ठोका हळू पडतो आणि रोल लंगडतो.

1983: प्रत्येकाचा वेगळा डॉट

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि जायलाच हवा. गारफिल्ड कॅडेट्सनी 1983, 84 आणि 85 अशी सलग तीन अजिंक्यपदं घेतली. त्यांच्यासाठी जॉर्ज झिंगालीने आखलेल्या ड्रिलमध्ये (मैदानावरच्या हालचालींच्या आराखड्यात) मैदानाच्या दोन बाजू एकमेकींचं प्रतिबिंब राहिल्या नाहीत. 1984 पासून टिक गेली आणि केलेल्या कामाला गुण मिळू लागले, त्यामुळे अवघड करण्याला अर्थ आला. झिंगालीचं श्रेय मोठंच, पण गुणपत्रिका बदलली नसती तर इतरांनी ती वाट एवढ्या लवकर धरली असती असं वाटत नाही.

सममित रचनेत अर्ध्या लोकांचे आकडे काढले की उरलेल्यांचे उलटे करून मिळतात. इथे ती सोय नाही. प्रत्येकाच्या वहीत त्याचा स्वतःचा डॉट हवा: कितव्या रेघेच्या किती पावलं आत-बाहेर आणि हॅशच्या (मैदानाच्या लांबीने जाणारी छोट्या खुणांची ओळ) किती पावलं पुढे-मागे. उदाहरण घ्या. सुरुवात 40 च्या रेघेवर, हॅशच्या 4 पावलं मागे. शेवट 35 च्या रेघेवर, हॅशच्या 8 मागे. ठोके 16. म्हणजे 8 पावलं आडवी, 4 उभी. तिरकं अंतर वर्गमुळाने 8.94 पावलं. त्याला 16 ने भागा आणि 57 ने गुणा, पाऊल आलं 32 सेंमीचं. मधला बिंदू, म्हणजे आठव्या ठोक्याला, 40 च्या 4 बाहेर आणि हॅशच्या 6 मागे. हा मधला बिंदू वहीत लिहिलाच पाहिजे. बहुतेकांचं बिनसतं ते इथेच: पहिल्या चार ठोक्यांत लांब पावलं टाकून जागा गाठतात आणि मग जागच्या जागी घुटमळतात. शेवटचा फोटो बरोबर येतो, मधली वक्ररेषा मात्र पोट सुटल्यासारखी दिसते.

आता तेच 8 आडवी आणि 12 उभी, फक्त 8 ठोक्यांत करा. पाऊल 103 सेंमी. 180 च्या लयीला सेकंदाला तीन मीटरच्या वर. ब्रासवाला हे धावत काढेल. ड्रमवाल्याचं तोंड प्रेक्षकांकडेच हवं, म्हणून त्याला खेकडाचालीने पाय ओलांडत जावं लागतं आणि एवढं पाऊल त्याला पडतच नाही. सबब, ड्रिल लिहिताना बॅटरीची, म्हणजे चालत वाजवणाऱ्या ड्रमवाल्यांची, वाट आधी आखा, ब्रास तिच्याभोवती बसवा.

याच सुमारास टिंपनी आणि मॅलेट वाद्यं (मरिंबासारखी, गोळ्याच्या काडीने वाजवायची सुरांच्या पट्ट्यांची वाद्यं) जमिनीवर, पुढच्या कडेला आली. हेच पिट.

2002: ताणलेली पानं, लांबलेला आवाज

1980 च्या दशकाच्या शेवटी स्नेअरवर केवलारची पानं आली. केवलार जवळजवळ ताणलंच जात नाही, त्यामुळे पान खूप वर चढवता येतं आणि प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. पण तो ताण कुठेतरी जाणारच. जुनी खोडं आणि कड्या त्याने वाकत, म्हणून खोडावर ताण येऊ न देणारी फ्री-फ्लोटिंग रचना रुळली. आपल्याकडच्या शाळेच्या बँडमधला साइड ड्रम या सुरापर्यंत चढवायला जाऊ नका. साधं मायलर पान कडीतून निसटतं किंवा कडीच लंबगोल होते. चढवायचाच तर समोरासमोरच्या बोल्टना अर्धा-अर्धा फेरा द्या, आधी खालचं पान, मग वरचं, आणि दर फेऱ्यानंतर प्रत्येक बोल्टजवळ टिचकी मारून सूर जुळवा. केवलारवर काडी आवळून धरली तर उसळी सगळी मनगटात येते. मनगट दुखायला लागलं तर सराव वाढवू नका, पकड सैल करा.

तुकड्यात आता हायब्रीड रूडिमेंट येतात. रूडिमेंट म्हणजे ड्रमवादनातले ठरलेले मूळ बोल. 1984 साली पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटीने 40 रूडिमेंटची यादी केली, आणि कॉरवाले तिच्यातल्याच दोन-दोन जोडून नवे प्रकार करतात. फ्लॅमसकट वाजवलेला दुहेरी ठोका, ज्याला ते ‘चीज’ म्हणतात, त्याने सुरुवात करा. फ्लॅमची बारीक काडी 3 इंचांच्या खाली ठेवली नाही तर पुढचा दुहेरी ठोका बसायला वेळच उरत नाही.

अडकलंय ते फेजिंगमध्ये, म्हणजे लांबच्या वादकांचा आवाज मागेपुढे पोचण्यात. 2002 साली कॅव्हेलियर्सनी मायकेल गेन्सच्या ड्रिलवर 99.150 गुण घेतले. तशा पसरलेल्या भौमितिक आकृत्या छान दिसतात, पण आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. म्हणजे आपल्या 45.7 मीटरच्या पट्टीला 0.13 सेकंद लागतात. 180 च्या लयीत सोळांश मात्रा (ठोक्याचा चौथा भाग) 0.083 सेकंदांची असते, म्हणजे टोकाचा वादक दीड सोळांशाने मागे ऐकू येतो. मिरवणुकीत लांबलेल्या पथकाचे मागचे ढोल मागे पडल्यासारखे वाटतात ते याच कारणाने. उपाय एकच आहे. सगळ्यात मागच्याने ड्रम मेजरचे (समोर उभं राहून लय दाखवणाऱ्याचे) हात पाहायचे, पुढच्यांनी मागून येणारा आवाज ऐकून त्यावर वाजवायचं आणि पिटने तर हात बघायचेच नाहीत. पुढचा वादक एकदा हात बघायला लागला की सगळं विस्कटतं, आणि सवयीने तो बघतोच. सध्या पुढच्या दोघांना ड्रम मेजरकडे पाठ करून उभं करतोय, त्याने फरक पडतोय.

2016: तयारी

ब्रासमध्ये 1977 ला दोन पिस्टन (सूर बदलायच्या दाबकळा), 1990 ला तीन, 2000 पासून जी (G) या सुराखेरीज इतर सुरांत लावलेली वाद्यं आणि 2014 पासून ट्रॉम्बोन-सूझाफोनही चालू लागले. 2004 ला पिटला माइक, 2009 ला सिंथेसायझर. सिंथचा खालचा घरघराट जुन्या चाहत्यांना खुपतो आणि पुष्कळदा त्यांचं बरोबरच असतं: तो ट्यूबांना आधार देण्याऐवजी त्यांना झाकून टाकतो. माइकचा फायदा मात्र वादातीत आहे. पूर्वी मरिंबा मैदानापलीकडे पोचवायला कडक मॅलेटने ठोकावा लागे. आता मऊ मॅलेटने, चार काड्यांनी, हलक्या हाताने वाजवता येतो.

ब्लूकोट्सनी 2016 ला उतारांचे मोठे प्रॉप्स घेऊन, टोप्या न घालता अजिंक्यपद मिळवलं. टोपी आणि ताठ कोट गेला की धड वाकवता येतं, म्हणून पावलाची मोजणी नाचाच्या मोजणीत मिसळते. आमच्या तुकड्यात शेवटचे 8 ठोके त्यासाठी मोकळे ठेवलेत. उतारासाठी प्लायवूडची फळी वापरणार असाल तर वर खरखरीत पट्टी चिकटवा, वरच्या टोकाखाली आडवा ठोकळा द्या, आणि खेकडाचाल तिच्यावर अजिबात नको. त्या जागी ड्रमवाल्यांना सपाटीवरच ठेवा.