तुम्ही विचारलंत म्हणून: सध्या काय वाचताय?

"ताई, सध्या काय वाचताय?" आणि लगेच पाठोपाठ, "मलाही एखादं चांगलं सुचवा ना."

लग्नात विचारतात, तेरवीच्या पंगतीत विचारतात, पुलगावच्या बसमध्ये मधल्या दांड्याला लोंबकळत विचारतात. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो, त्या दिवशी तर शाळेत माइक हातात देऊनच विचारतात. मी काहीतरी पुटपुटते. "असंच, किरकोळ." "कपाट उघडंच आहे, तुम्हीच बघा." मग लोक एकमेकांकडे बघतात. माघारी काय बोलतात तेही माझ्या कानावर आलंय: ग्रंथालय चालवते अन पुस्तकाचं नाव सांगाले जिवावर येते. एका निवृत्त गुरुजींनी तर तोंडावरच ऐकवलं, "हलवायानं पेढा कसा झाला ते सांगू नये काय?"

गुरुजींना तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता सुचतंय. हलवाई गिऱ्हाइकाचं तोंड बघून चारचौघांत म्हणत नाही, की तुम्हाला साखरेचा आजार दिसतोय, पेढा राहू द्या, हे मेथीचे लाडू न्या.

मी पहिल्यापासून अशी नव्हते. आमचं ग्रंथालय ड वर्गाचं, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यात खालचं. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता आहे, अनुदान हप्त्याहप्त्यानं येतं, ग्रामपंचायतीची जुनी खोली आहे, संध्याकाळी तीन तास उघडं असतं. कापूस वेचणीच्या दिवसांत तर सातच्या आत कोणी फिरकत नाही. अशा जागी मी रुजू झाले तेव्हा ग्रंथपालनाचा वर्ग नुकताच केलेला होता आणि डोक्यात ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन भरलेले होते. त्यांचे पाच नियम 1931 चे, वर्गात घोकून घेतात. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. मला वाटलं, हे माझ्यासाठीच लिहिलंय. गावातल्या प्रत्येकाचं पुस्तक मला ठाऊक आहे, ते त्याच्या हातात नेऊन ठेवायचं एवढंच बाकी आहे.

शाळेने टाकून दिलेला फळा मी दारात टांगला. वर रंगीत खडूने कायमचं लिहिलं, 'मी सध्या वाचतेय', आणि खाली दर आठवड्याला नवं नाव, त्याखाली दोन ओळी. चालला हो फळा! 'स्मृतिचित्रे' लिहिलं तेव्हा बचत गटाच्या बायका म्हणाल्या, आम्हाला डोळ्यानं होत नाही, तूच वाच. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचा भाग वाचताना त्या अशा हसल्या की एक जण म्हणाली, "हे तं माह्या सासूचंच लिवलं वो." त्या संध्याकाळी मी घरी गेले ते दोन बोटं वरूनच चालत.

पुढे माझ्या आईचं डायलिसिस सुरू झालं. मी त्या आठवड्यात मूत्रपिंडाच्या आजारातल्या पथ्यावरची एक पुस्तिका वाचत होते, आणि फळ्यावर खोटं कशाला लिहायचं म्हणून तेच नाव लिहिलं. संध्याकाळी दोघी जणी आल्या. एकीच्या पदरात दोन लिंबं. "आई कशी हाय?" मी कोणाला काही सांगितलं नव्हतं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्याच वेळी अंगावरचं लुगडं कोणीतरी दोन बोटं ओढल्यासारखंही वाटलं. तेव्हाच थांबायला हवं होतं.

आता ती गोष्ट, जी सांगायची म्हणून मी हे लिहायला बसले आणि इतका वेळ टाळतेय.

ती माझ्या माहेरगावची. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, म्हणून नात्यानं धाकटी बहीण. तिची मुलगी मला मावशी म्हणायची. बुधवारी बाजाराच्या दिवशी यायची, पिशवीत भाजी आणि भाजीखाली पुस्तक. खूण म्हणून पुस्तकात पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या झाडाचं, वाळलेलं पान घालून ठेवायची आणि परत आलं की त्याचा चुरा मला झटकावा लागायचा. मी रागवायची, ती हसायची. मग हसणं कमी झालं. गटाचा हप्ता दोनदा मागे राहिला. हातातल्या पाटल्या दिसेनाशा झाल्या. आणि एका बुधवारी म्हणाली, "ताई, घरातलं काई नसन असं पुस्तक दे न वो एखादं."

हे वाक्य नीट वाचा. मी तेव्हा नीट ऐकलं नाही.

आमचा वर्धा जिल्हा. गांधीजी सेवाग्रामला राहिले, विनोबा पवनारला, म्हणून इथे दारूबंदी. परवान्याचं दुकान नाही, बार नाही. वर्धा नदी ओलांडली की अमरावती, यवतमाळ, तिकडे बंदी नाही. तिकडून काय येतं आणि इकडे मोहाची कुठे निघते ते शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. पण कागदोपत्री आमच्याकडे कोणी पीत नाही. त्यामुळे कोणाच्या घरात काय चाललंय ते सगळ्यांना दिसतं आणि कोणीच बोलत नाही. तिच्या घरचंही मला असंच दिसत होतं. तिनं एका शब्दानं सांगितलेलं नव्हतं.

पुण्याच्या एका नातेवाइकानं दिलेल्या पेटीत अनिल अवचटांचं 'मुक्तांगणची गोष्ट' आलं होतं. पुण्यात 1986 साली सुरू झालेल्या व्यसनमुक्ती केंद्राची हकीकत. मी ते दोन बैठकांत वाचलं होतं, फळ्यावर लिहिलं होतं, आणि लिहितानाच माझ्या डोळ्यासमोर तिचं घर होतं. मी तिच्या पिशवीत ते घातलं. म्हटलं, "हे वाच. तुझ्या कामाचं आहे."

तुझ्या कामाचं आहे! आजही हे तीन शब्द आठवले की मी भांडी जोरात घासते.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. तिची मुलगी तेव्हा चौथीत. नवं नवं वाचता येऊ लागलेलं पोर, दुकानाच्या पाटीपासून खताच्या पोत्यापर्यंत दिसेल ते मोठ्यानं वाचणारं. छपरीत सासू तूर निवडत बसलेली, दीर होता, कापसाचा भाव करायला आलेला माणूस होता. पोरीनं पिशवीतून पुस्तक काढलं, कुठलंतरी पान उघडलं, अडखळत वाचायला लागली आणि मधेच थांबून विचारलं, "आजी, व्यसन म्हंजे काय?"

सासूनं पोरीला उत्तर दिलं नाही. सुनेला विचारलं, "गावात काय काय सांगून राह्यली तू?"

तिचं म्हणणं कोण ऐकणार? जी बाई घरातला शब्द उंबऱ्याबाहेर नेत नव्हती, तिच्यावर घर चव्हाट्यावर मांडल्याचा आळ आला. आणि तो आणला मी. बघितलं माझ्या डोळ्यांनी, बोलल्याचा ठपका तिच्या तोंडावर.

तीन आठवडे ती आली नाही. चौथ्या आठवड्यात गुरुवारी, दिवाबत्तीच्या वेळी, तिचा नवरा आला. शुद्धीवर होता. हातात पुस्तक, त्याला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळलेला, वर सुतळी. टेबलावर ठेवून म्हणाला, "ताई, हे जमा करून घ्या. तिच्या नावावरचं कापा."

मी म्हटलं, "भाऊजी, माझ्या मनात तसं काही नव्हतं. पुस्तक चांगलं आहे म्हणून दिलं." हे धडधडीत खोटं होतं.

"चांगलंच हाय," तो म्हणाला. "अर्धं वाचलं मी." मग जरा थांबला. समोरच्या कपाटाकडे बघत होता, माझ्याकडे नाही. "मंग तिले काऊन देल्लं? पेणारा मी. मले द्या लागत होतं."

आता तुम्ही सांगा, यावर काय बोलायला हवं होतं ते. मला आज दहा वाक्यं येतात. सगळ्यात सोपं म्हणजे पुस्तक त्याच्याकडे सरकवायचं आणि म्हणायचं, घ्या, उरलेलं वाचून आणा. मी काय केलं? देवघेवीचं रजिस्टर ओढलं, नाव शोधलं, तारीख घातली, सही केली. आणि वर म्हणाले, "उशीर झालाय, पण दंड राहू द्या."

तो गेल्यावर मी सुतळी सोडली. पऱ्हाटीचं पान कुठेच नव्हतं. म्हणजे तिनं ते उघडलंच नव्हतं. मात्र पुस्तकाच्या मध्यावर, बियाण्याच्या पाकिटाची फाडलेली एक पट्टी होती.

पुढे त्याचं काय झालं ते विचारू नका. पिणं सुटलं का, तर मधे मधे सुटतं. ती पुन्हा ग्रंथालयात आली नाही. बाजारात दिसली की "बरी हायस ना ताई" एवढं बोलते, थांबत नाही.

त्यानंतरच्या सोमवारी मी फळा उतरवला.

जिनं तो फळा टांगला ती मी माझ्याशी अजून भांडते. म्हणते, एका घटनेवरून एवढं? शंभर लोकांना पुस्तकं दिलीस, एकाच घरात बिनसलं. डॉक्टर एका रोग्याला औषध लागू पडलं नाही म्हणून दवाखाना बंद करतो का? मी म्हणते, डॉक्टरकडे माणूस आपल्या पायानं जातो, आणि दुखतं कुठे ते आधी स्वतः सांगतो. ती म्हणते, मग रंगनाथन खोटे? इथे मी गप्प होते, कारण रंगनाथन खोटे नाहीत. त्या धाकटीनं तिचा ग्रंथ स्वतःच्या तोंडानं मागितला होता. घरातलं काही नसलेला. दुसऱ्या कपाटात प्रवासवर्णनांचा अख्खा खण होता. हिमालय होता, जपान होतं. त्यातलं एक दिलं असतं तर ती बुधवारची रात्र तिला घराबाहेर काढता आली असती. मी तिला उचलून पुन्हा तिच्याच चुलीपुढे बसवलं, आणि याला वाचनसंस्कृती म्हटलं.

आणि त्याला का दिलं नाही? हे मी कोणाला सांगितलेलं नाही. भ्याले. पिणाऱ्याच्या हातात ते पुस्तक देण्याची छाती नव्हती, म्हणून बायकोच्या पिशवीत घातलं. पुरुषाचं दुखणं बाईच्या गळ्यात बांधायची आपल्याकडे पद्धतच आहे, मी तीच पुस्तकानं पाळली.

गुरुजी म्हणतात, मी उगाच मनाला लावून घेते. "तो अर्धं तरी वाचला ना? तुम्ही दिलं नसतं तर तेवढंही नाही." हे त्यांचं म्हणणं मला रात्री पटतं आणि सकाळी पटत नाही.

आता मी काय करते ते सांगते. देवघेवीचं रजिस्टर आधी टेबलावर उघडं असायचं, येणारा-जाणारा चाळायचा, कोणी काय नेलं ते बघायचा. आता ते खणात असतं. परत आलेली पुस्तकं लगेच कपाटात लावत नाही, बाकावर पसरून ठेवते. लोक सगळ्यात जास्त तिथलीच नेतात. कोणीतरी वाचून आणलंय एवढी शिफारस त्यांना पुरते, आणि कोणी वाचलं ते कळत नाही. मला विचाराल तर मी कपाटाकडे बोट दाखवते. भरतीची पुस्तकं इकडे, कथा-कादंबरी तिकडे, ग्रामगीता वरच्या खणात, चरित्रं खाली.

पण एक कबूल करते. कधी कधी बाकावरच्या ढिगात एखादं पुस्तक मीच कपाटातून काढून सगळ्यात वर ठेवते. परत आलेलं नसतंच ते. म्हणजे सुचवते मी अजून, फक्त तोंड लपवून. यात आणि पिशवीत घालण्यात फरक आहे असं मी स्वतःला सांगते. वाटलं तर घ्या, नाही तर बाजूला सारा, कोणाचं नाव त्यावर नाही. फरक आहे ना?

गेल्या महिन्यात ती पोरगी आली. चौथीतली ती आता बारावी झालीय, पोलीस भरतीची तयारी करतेय, सकाळी डांबरी रस्त्यावर धावताना दिसते. भरतीचं पुस्तक काढलं, मग बाकाशी रेंगाळली. म्हणाली, "मावशी, तू काय वाचून राह्यली सध्या? मले सांग न एखादं."

माझ्या टेबलाच्या खणात माझं पुस्तक होतं. त्याला मी हल्ली वर्तमानपत्राचा कागद घालते. मी म्हटलं, "बाक आहे, कपाट आहे, बघ तुझं तू."

ती अर्धा तास बघत होती. एकदा शिडी घेतली, एकदा जमिनीवर बसली. शेवटी दोन पुस्तकं घेऊन आली. मी रजिस्टर तिच्याकडे फिरवलं, पेन दिलं, म्हटलं, "नोंद तूच कर." आणि खिडकीबाहेर बघत बसले, बाहेर बघण्यासारखं काही नसताना.

तिनं काय नेलं ते मी पाहिलं नाही, असं तुम्हाला सांगणार होते. पाहिलं. ती गेल्यावर लगेच खण उघडून पाहिलं. पण तेवढं नाव मात्र मी तुम्हाला सांगणार नाही.